लटांबरातली मुले : कोण निघाले, कोण मागे राहिले

मराठीत ‘लटांबर’ असा एक शब्द आहे. बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाच्या मागून निघालेली कच्चीबच्ची, गाठोडी, भांडीकुंडी, म्हातारी माणसे हे सगळे या एका शब्दात कोंबले जाते. शब्दात थोडी कुचेष्टा आहे, थोडी कणवही आहे. मोजदाद मात्र नाही. लटांबरात मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, थोरले कोण, कडेवर कोण, आणि गावी कोणाला ठेवून आले, यांपैकी काहीही हा शब्द सांगत नाही.

स्थलांतराच्या आपल्या इतिहासाचेही थोडेफार असेच झाले आहे. गिरणीच्या हजेरीपटावर कामगार सापडतो. साखर कारखान्याच्या मुकादमाच्या वहीत टोळी सापडते. या नोंदींवरून आपण ‘कामगारांचे स्थलांतर’ लिहितो आणि मुलांसाठी ‘कुटुंबासह’ एवढा एक शब्द जोडून मोकळे होतो. सरकारी मोजणीची रीतही फार निराळी नाही. माणसाने गाव का सोडले, हा प्रश्न भारतीय जनगणनेत प्रथम १९८१ साली विचारला गेला. नोकरी, शिक्षण, विवाह अशा कारणांबरोबर ‘कुटुंब हलले म्हणून’ असेही एक कारण त्या यादीत होते. बहुतेक मुले या घरात पडतात. मूल जणू स्वतः कुठे जातच नाही. घर जाते आणि त्याच्याबरोबर मूलही जाते.

वस्तुतः घर क्वचितच सबंध जाते. ते जाताना फुटते आणि कुठे फुटायचे हे कोणीतरी ठरवलेले असते. या लेखात आम्हाला त्या ठरवण्याकडे पाहायचे आहे. त्यासाठी महाराष्ट्रातली दोन मोठी स्थलांतरे आम्ही घेतली आहेत : कोकण आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात झालेले, आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून उसाच्या फडावर आजही दर वर्षी होणारे. दोन्हींचा काळ वेगळा, रीत वेगळी. पण दोन्हींत कोणते मूल सोबत न्यायचे याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरत आले आहे : घरात मुले किती आहेत, आणि प्रश्नातले मूल मुलगा आहे की मुलगी. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाला बहुधा त्याच्या स्वतःच्या भवितव्यासाठी हलवले गेले किंवा ठेवले गेले. मुलीला मात्र घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीसाठी. ‘सोबत’ हा शब्द दोघांनाही लावला जातो. त्याचा अर्थ मात्र दोघांसाठी एकच नाही.

प्रथम मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या अर्धशतकात गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना लागणारी माणसे प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आली. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, तो १९८१ साली वेगळा झाला.) त्यांच्या बरोबरीने सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरच्या जिल्ह्यांतूनही माणसे आली. या वस्तीचे स्वरूप एका आकड्यात स्पष्ट दिसते. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर १००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. रत्नागिरीत चित्र नेमके उलटे : तेथे पुरुषांहून स्त्रिया अधिक. ती छाया अजून पुसलेली नाही. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया आहेत.

म्हणजे कोकणातला गिरणी कामगार आला तो बहुधा एकटा. त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. गावी थोडी का होईना भातशेती होती आणि ती कसायला माणूस हवे होते. मुंबईत जागा नव्हती. एकेका खोलीत गावकीचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. १९२० नंतर सरकारी विकास विभागाने बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींतली खोलीसुद्धा १६० चौरस फुटांचीच होती. बदली कामगाराला तर महिन्यात किती दिवस काम मिळेल याचीही शाश्वती नसे. अशा स्थितीत बायको-मुलांना गावी ठेवणे आणि दरमहा मनिऑर्डर करणे हा शहाणपणाचा मार्ग होता. गौरी-गणपती आणि शिमगा हे चाकरमान्याच्या बाप असण्याचे हंगाम ठरले.

येथपर्यंतची कहाणी नवरा-बायकोची आहे आणि ती मराठी साहित्याने सांगितली आहे. पण घरातली मुले कोणत्या क्रमाने हलली, हे पाहिले की तिला आणखी एक बाजू दिसते.

मुलगा ठरावीक वयाला मुंबईला येई. ते वय केवळ घरच्यांनी ठरवलेले नव्हते. त्याला कायद्याचाही हिशेब होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर. बारा ते पंधरा या वयाच्या मुलांना दिवसाला सहा तास काम देता येऊ लागले. कायद्याचा हेतू मुलांना वाचवण्याचा होता यात शंका नाही. पण गावच्या घरात त्याचा अर्थ असाही होई की अमुक वयाचा मुलगा आता मिळवता होऊ शकतो. मग चुलता, मामा किंवा गाववाला त्याला बोटीवर घाली. गावकीच्या खोलीत एका पथारीची भर पडे. मुलगा ‘आईबापांसोबत’ येत नव्हता. बापाच्या मागोमाग, बापाच्याच वाटेने येत होता.

घरात मुलगे किती, यावर पुढचे अवलंबून असे. दोन-तीन मुलगे असले की एक गावी शेताला आणि बाकीचे मुंबईला, अशी वाटणी करता येई. जमिनीचे तुकडे इतके लहान की सगळे मुलगे त्यांवर जगणे शक्यच नव्हते. त्यामुळे मोठ्या घरातून जास्त मुलगे बाहेर पडले. एकुलत्या मुलाच्या घरात मात्र पेच असे. त्याला पाठवावे तर आईमागे घराला पुरुष नाही, ठेवावे तर हातात पैसा नाही. ‘मुलगे अनेक असावेत’ या जुन्या समजुतीला गिरणीने असे एक नवे, रोकड कारण दिले.

आणि मुलगी? कोकणातल्या शेतकरी घरातली मुलगी मुंबईला आली ती प्रामुख्याने लग्न होऊन. तोवर ती गावी आईचा दुसरा हात होती. बाप मुंबईला असलेल्या घरात शेत, गुरे, पाणी, लाकूडफाटा आणि धाकटी भावंडे या सगळ्यांचा भार आईवर येतो, आणि आईवरचा भार सर्वप्रथम थोरल्या मुलीकडे सरकतो. मनिऑर्डरच्या पैशात घर चालत असेल, पण घर चालवणारे श्रम त्या मुलीचे होते. भाऊ निघून गेल्याने तिचे काम आणखी वाढत होते. तिच्या ‘न जाण्या’ला आपण स्थलांतराच्या इतिहासात जागा देत नाही, वास्तविक ते त्या इतिहासाचेच अंग आहे.

सगळीच घरे अशी फुटली नाहीत. ज्यांच्याकडे गावी राखायला जमीनच नव्हती, त्यांना मागे कोणाला ठेवण्याचे कारणही नव्हते. भूमिहीन, त्यांतही दलित कुटुंबे आणि नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा स्त्रिया मुलांना घेऊनच मुंबईत आल्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रिळिंग ही त्यांची खाती. आई दहा तास गिरणीत असताना तान्ह्या मुलाचे काय होई? त्या काळच्या अहवालांत याचे एक भयंकर उत्तर नोंदलेले आहे : मुलाला अफूची गोळी देऊन निजवत. तिला ‘बाळागोळी’ असे लडिवाळ नाव होते. १९२१ साली मुंबईत दर १००० नोंदलेल्या जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म गावच्या दप्तरात आणि मृत्यू मुंबईच्या दप्तरात पडे. साहजिकच प्रमाण फुगलेले दिसे. आकड्यातला हा दोषसुद्धा आमच्या विषयाबद्दल बोलतो. मूल जन्मते एकीकडे, वाढते किंवा मरते दुसरीकडे, आणि कोणत्याच वहीत त्याचा सबंध प्रवास नाही.

बाळागोळीला पर्याय होता तो थोरल्या मुलीचा. आठ-नऊ वर्षांची मुलगी घरात असली की आई निर्धास्तपणे भोंग्याला जाऊ शके. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, हे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले. तोवर गिरण्यांतल्या स्त्रियांचे प्रमाण घसरणीला लागले होते. या सगळ्या काळात खोलीतली थोरली मुलगी हेच गिरणगावाचे खरे पाळणाघर होते, आणि त्या पाळणाघराला शाळेत जाण्याची सवड नव्हती.

मुलगा आणि मुलगी यांतला फरक परतीच्या वाटेवरही दिसतो. कवी नारायण सुर्वे यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सापडलेल्या अर्भकाला घरी आणून वाढवले. पुढे ते गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात परतले, तेव्हा नारायण मात्र मुंबईतच राहिला. तो जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता. त्यानंतरचे त्याचे शिक्षण रस्त्याने आणि गिरणीने केले. या घटनेतली व्यथा वाचताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : नारायणच्या जागी मुलगी असती तर? त्या वयाच्या मुलीला महानगरात एकटे सोडणे त्या घराला शक्य झाले नसते. तिला गावी नेले असते आणि वर्ष-दोन वर्षांत तिचे लग्न झाले असते. मुलाचा हा एकटेपणा क्रूर होता, पण त्याला रस्ता होता. मुलीला आसरा मिळाला असता, रस्ता नाही.

आता उसाच्या फडाकडे येऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला आणि पुढच्या तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस बागायती पट्ट्यातला, पण तो तोडणारे हात कोरडवाहू पट्ट्यातले : बीड जिल्हा, पाथर्डी-शेवगावचा भाग, जालना, परभणी, उस्मानाबाद (आजचे धाराशिव). १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि चैत्राच्या सुमारास परततात. या कामगारांची संख्या आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितली जाते. अंदाजांत इतके अंतर पडावे, यावरूनच त्यांची मोजणी कशी झाली आहे ते कळते.

गिरणीचे स्थलांतर पुरुषाचे होते, हे जोडप्याचे आहे. येथे मजुरीचे एकक ‘कोयता’ हे आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. हंगामापूर्वी मुकादम जी उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. या व्यवस्थेत आई मुलांपाशी गावी राहू शकत नाही. कोकणात मुले आईजवळ राहिली ती गिरणीला पुरुष पुरेसा होता म्हणून. फडाला दोघे लागतात, म्हणून येथे मुलांचा प्रश्न दर दिवाळीला नव्याने उभा राहतो.

तो कसा सुटतो? प्रत्येक घरचे उत्तर थोडे निराळे असते. तरी एक कल सहज ओळखता येतो. घरात फक्त तान्हे मूल असेल तर ते सोबत जाते, आणि फडाच्या बांधावर झोळीत झुलते किंवा कोपीत शेजारच्या एखाद्या मुलीच्या हवाली होते. तान्ह्याच्या वर आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर ती सोबत जाते, कारण तान्हे आहे. तिच्या जागी त्याच वयाचा मुलगा असेल तर त्याला आजीपाशी शाळेसाठी ठेवण्याचा विचार होतो. आजी धडधाकट असेल तर तो अमलातही येतो. मुले चार-पाच असली की आजी सगळी सांभाळू शकत नाही. मग शाळेत जाणारे मुलगे मागे राहतात, लहानगी सोबत जातात, आणि मुलींची विभागणी होते : एक तान्ह्यासाठी फडावर, एक आजीच्या मदतीला गावी. मुलगा सोबत गेलाच तर त्यालाही काम चुकत नाही. बैलगाडीवाल्याच्या घरात तो बैलांकडे पाहतो, वाढे गोळा करतो, पुढे कोयता धरतो. त्याचे बालपणही करपते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याला नेण्यापूर्वी घरात निदान ‘शाळा बुडेल’ हे वाक्य उच्चारले जाते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हा सगळा दारिद्र्याचा प्रश्न आहे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद शोधणे म्हणजे मूळ दुखणे सोडून लक्षणांकडे पाहणे, असे आमचे काही मित्र म्हणतील. आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. पाणी आणि काम गावी असते तर कोणतेच मूल पाचटाच्या कोपीत राहिले नसते. परंतु दारिद्र्याने एवढेच कळते की घरातले काही जण जाणार. कोण जाणार, हे दारिद्र्य सांगत नाही. एकाच घरात, एकाच उचलीच्या ओझ्याखाली भाऊ गावच्या शाळेत आणि बहीण फडावर असेल, तर त्या दोघांमधले अंतर केवळ गरिबीने मोजता येणार नाही.

कुटुंबाच्या आकाराचा मुद्दा येथे नीट समजून घ्यायला हवा. लहान कुटुंब सुखी कुटुंब, हे आपण लाल त्रिकोणाच्या भिंतींवर वाचत मोठे झालो. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले ते १९२१ साली, म्हणजे अर्भकमृत्यूचा वर दिलेला आकडा ज्या वर्षाचा आहे त्याच वर्षी. अपत्यांची संख्या हा बाईच्या देहाचा आणि हक्काचा प्रश्न आहे, ही त्यांची मांडणी काळाच्या फार पुढची होती. पण संख्या आणि लिंग या दोन गोष्टी आपल्या समाजात सुट्या राहत नाहीत. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, ही रीत जेथे आहे तेथे मुलींच्या पाठीवर मुली होतात आणि मुलगा झाला की पाळणा थांबतो. याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. अशा समाजात मुलगी सरासरीने मुलापेक्षा मोठ्या कुटुंबात वाढते. म्हणजे घरचे तेवढेच उत्पन्न तिच्या वाट्याला येताना अधिक भावंडांत वाटले जाते, आणि सांभाळायला धाकटी भावंडे मात्र तिलाच जास्त असतात. तिसऱ्या-चौथ्या मुलीला ‘नकुशी’ हे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे होती; २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नावातच संख्या आणि लिंग यांचा हिशेब मांडून ठेवणारे असे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मग कुटुंबे लहान झाली की मुलगी सुटली का? काही अंशी होय. एक-दोन भावंडांच्या घरात तिच्या कडेवर कायम मूल नसते. पण लहान कुटुंब कोणत्या मार्गाने लहान झाले, हेही विचारावे लागते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ होती; बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, बीडचाच आकडा ८९४ होता. ज्या जिल्ह्यातून टोळ्या मोठ्या संख्येने निघतात, तेथे कुटुंब लहान होण्याची किंमत जन्माला न आलेल्या मुलींनी मोजली. याचा सगळा दोष स्थलांतरावर टाकणे बरोबर होणार नाही. ही घसरण सधन घरांतही झाली आहे. परंतु ‘मुले कमी म्हणजे मुलींचे ओझे कमी’ हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे या आकड्यांवरून दिसते.

मागे राहणे हेही मुलीसाठी नेहमी सुदैवच असते असे नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी सहा महिने आजीच्या भरवशावर ठेवायची तर आईबापांचा जीव थाऱ्यावर नसतो. सोबत न्यावी तर उघड्या माळावरची कोपी. दोन्ही भीतींवरचा उपाय म्हणून लग्न उरकले जाते. त्यात कोयत्याचे गणित आणखी एक कारण घालते : मुलाचे लग्न झाले की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. आईबापांसोबत मूल म्हणून गेलेली मुलगी काही वर्षांतच कोयत्याचा अर्धा भाग म्हणून त्याच वाटेने पुन्हा जाते, आणि तिच्या झोळीशेजारी बसायला तिची थोरली मुलगी तयार होऊ लागते.

उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच मुलांना ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आणली. तीत ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहे ठरली. ही समान वाटणी स्वागतार्हच आहे. पण वरचा हिशेब ध्यानात घेतला तर एक अडचण लगेच दिसते. मुलगा वसतिगृहात गेला तर फडावर एक पोट कमी होते. मुलगी गेली तर फडावर तान्ह्याला पाहणारे कोणी उरत नाही. म्हणून मुलीच्या शाळेची किल्ली वसतिगृहाइतकीच फडाजवळच्या पाळणाघरात आहे. गिरणगावाला पाळणाघराची तरतूद मिळाली ती स्त्रिया गिरणीतून बाहेर पडू लागल्यावर. फडाच्या बाबतीत तोच उशीर पुन्हा होऊ नये.

आता आपल्या, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या, प्रांतात येऊ. आपल्या साहित्यात हे स्थलांतर आहे, पण ते कोणाच्या बाजूने आहे? अण्णा भाऊ साठे यांच्या प्रसिद्ध छक्कडीत मागे राहिलेली मैना आहे. मुंबईकराच्या विरहाला संयुक्त महाराष्ट्राच्या व्यथेशी जोडणारी ती रचना आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आणि गाव यांत वाटले गेलेले बालपण आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे, आणि त्या फिरस्तीतही मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट आहे. ही पुस्तके मराठीची मोठी कमाई आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु त्यांच्या निवेदकात एक साम्य आहे. तो लिहू शकला, कारण केव्हातरी कोणीतरी त्याला शाळेसाठी बाजूला काढले. ज्या घरातून एका मुलाला बाजूला काढले गेले, त्या घरात त्याचे काम कोणी उचलले? आत्मकथनाच्या कर्त्याला बहुधा बहीण असते. ती पुस्तकात डोकावते, भाकरी थापते, भावंड कडेवर घेते आणि लग्न होऊन पानाबाहेर जाते. शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांच्या लेखनाने ही जागा काही प्रमाणात भरून काढली. ‘आयदान’मधली (२००३) बांबू विणणारी आई आणि तिच्या भोवतीच्या मुली आठवल्या की श्रमाची ही घरगुती वाटणी किती बारकाईने दिसू शकते, हे कळते.

लिहिणारी नव्हती, पण गाणारी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत लेकीच्या प्रवासाचे दुःख पुष्कळ आहे. तो प्रवास बहुधा माहेर-सासरचा असतो. दहा वर्षांची मुलगी आईबरोबर परमुलखात भावंड सांभाळायला गेली, हा अनुभव मात्र जात्यावर येणे कठीण. कोपीत जाते नसते, आणि ती मुलगी अजून ओवी रचण्याच्या वयाची नसते. सासुरवाशिणीला जसा एक साहित्यप्रकार मिळाला, तसा या मुलीला मिळाला नाही.

म्हणून वर्गात ही पुस्तके शिकवताना आणि त्यांवर प्रबंध लिहिताना दोन-तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्हाला वाटते. निवेदकाला भावंडे किती? त्यांत तो कितवा? ज्या दिवशी त्याचे नाव शाळेत घातले गेले, त्या दिवशी त्याची बहीण कोठे होती आणि काय करत होती? काही पुस्तकांत उत्तरे मिळतील, काहींत एखाद्या ओळीवर अंदाज बांधावा लागेल, काहींत पान कोरे निघेल. ती कोरी पानेही नोंदवून ठेवावीत.

आज मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या महाविद्यालयांत मराठी विषय घेऊन बसणाऱ्या मुलामुलींत फडावर हंगाम काढलेली पुष्कळ आहेत. मराठीच्या वर्गापर्यंत पोचलेली मुलगी म्हणजे त्या घरच्या हिशेबातून कशीबशी सुटलेली मुलगी. झोळीशेजारी बसून काढलेले सहा महिने कसे असतात, हे तिला सांगावे लागणार नाही. ते तिच्याकडून लिहून घ्यावे लागेल. लटांबर या शब्दात नसलेली मोजदाद तेथून सुरू होईल.